आगळ

ग्रिम्सबीत ऊन येतं ते घाईतल्या पाहुण्यासारखं,
बूटही न काढता दारातूनच परत फिरतं.
त्या गुरुवारी मात्र ते बसलं
सात नंबरच्या वॉर्डात, खिडकीत, चांगलं दोन तास,
आणि तिथे कुणीतरी विसरलेल्या लघवीच्या बाटलीशी
काहीतरी बोललं.

सकाळी ती बिनदुधाच्या फिक्या चहासारखी होती.
दुपारी राउंडला आले तर
आगळ.
आमच्या गुहागरला मे महिन्यात
बरणीत मीठ लावलेल्या कोकमांना सुटतो तोच रंग,
काळ्याकडे झुकलेला, काचेला धरून राहणारा.
मी बाटली हातात घेऊन उभी राहिले.
ज्युनिअरला वाटलं, मॅडमना चक्कर येतेय.

खाटेवर जॅनिन स्टॅम्प, वय त्रेचाळीस,
मासे कापायच्या कारखान्यात चोवीस वर्षं,
आता तिला पाण्याचा पेला उचलवत नाही.
पोट इतकं दुखतं की गुडघे छातीशी घेऊन
ती भिंतीशी बोलते,
आणि मी दाबून पाहते तेव्हा पोट
मळलेल्या कणकेसारखं मऊ.
तीच तर खोट होती. दुखणाऱ्या पोटाने
निदान कडक तरी व्हावं, अशी आमची अपेक्षा.
अपेंडिक्स काढून झालं, पित्ताशय काढून झालं,
दोन्ही निर्दोष निघाले,
मग संशय उरलेल्या बाईवर.

फाइल जाड. मी मागे मागे जात राहिले.
सोडियम कमी, कुणी अधोरेखित केलं नाही.
नाडी एकशे वीस: 'घाबरट स्वभाव.'
दर खेपेच्या आधी काहीतरी,
कधी लघवीच्या जळजळीवरची गोळी,
कधी भाचीच्या लग्नातल्या ड्रेससाठी आठवडाभर उपास.
आणि दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमधलं एक पान:
'सर्व तपासण्या नॉर्मल. चिंताविकार. घरी सोडावे.'
सही ओळखायला वेळ लागला नाही.
व्ही. खातू.
'के'चा पाय मी अजून तसाच लांब ओढते.

नमुना अंधारात पाठवा, लॅबमधली बाई फोनवर म्हणाली,
उजेड लागू देऊ नका, आत्ताच्या आत्ता.
वॉर्डात फॉइल नव्हती.
मी डबा उघडला, पोळ्या बाहेर काढल्या,
आणि तुपाचा हात लागलेल्या त्या चांदीत
जॅनिनची बाटली गुंडाळली.
पोळ्या कागदी रुमालावर संध्याकाळपर्यंत वाळत राहिल्या.

रात्री अकराला आकडा आला. कितीतरी पट.
पॉर्फिरिया.
हा शब्द मी एकदाच उच्चारला होता, तोंडी परीक्षेत,
दोन मार्कांसाठी.
औषध लीड्सहून टॅक्सीने आलं,
तेही काळपट, कुणा अनोळखी माणसांच्या रक्तातून काढलेलं,
मोठ्या शिरेतून, चार दिवस, सावकाश.
तिसऱ्या दिवशी तिने टोस्ट मागितला, जॅम लावून.
हातांत अजून जोर नव्हता. येईल, मी म्हटलं.
किती, ते म्हटलं नाही.

मग ते पान तिच्यासमोर धरलं.
तिने वाचलं. "तुमचं अक्षर भयंकर आहे," म्हणाली.
बराच वेळ आणखी काही नाही.
बाहेर सीगल्स कचऱ्याच्या पिंपावर भांडत होते.

"माझी आई, ऑड्री. सगळे म्हणायचे, नाटकं करते.
शेवटी लिंकनच्या वेड्यांच्या इस्पितळात नेली,
मी सात वर्षांची होते.
तिचेही हात असेच पडले होते.
तिच्या खोलीला खिडकी होती का हो?
कुणाला विचारायचं आता?"

मी चादरीची घडी सरळ केली.
ती सरळच होती.

सोमवारी तिची कीली आली, सतरा वर्षांची,
च्युइंगम चघळत, बाटली पाठीमागे लपवून.
मी त्या दिवशी घरून निघताना
फॉइलचा अख्खा रोल पर्समध्ये टाकला होता.